लोहगावचा सात-बारा

पुण्याचं विमान उतरायला लागलं की सूचना होते: हा संरक्षण दलाचा विमानतळ आहे, इथे छायाचित्रं काढायला मनाई आहे. चाकं टेकतात, विमान रेंगाळत वळतं आणि खिडकीतून गवताने झाकलेले बुटके उंचवटे दिसतात. मागे एकदा शेजारच्या सीटवरच्या पोराने वडिलांना विचारलं, "बाबा, इथे टेकड्या का बांधल्यात?" वडील म्हणाले, "आत फायटर असतात." पोराने लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग हे एअरपोर्ट त्यांचं की आपलं?" वडील वरच्या कप्प्यातलं सामान काढायला उठले.

उत्तर सोपं आहे. त्यांचं. धावपट्टी हवाई दलाची आहे, नियंत्रण कक्ष हवाई दलाचा आहे, कुठल्या वेळी नागरी विमानांना वाट मिळेल हेही तेच ठरवतात. प्रवाशांची इमारत म्हणजे मोठ्या वाड्याची ओसरी. ओसरी आता झकपक झाली आहे. नव्या टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं, त्याच वर्षी जुलैत ते सुरू झालं. पण वाडा कुणाचा, हे बदललेलं नाही. तरीही गेली वीस-पंचवीस वर्षं या शहरातली चर्चा अशी चालते, की जणू विमानतळ पुणेकरांचा होता आणि हवाई दलाने मध्ये येऊन तो अडवला.

ही चर्चा उलट्या टोकाने सुरू होते, असं माझं म्हणणं आहे. लोहगावचा इतिहास आपण फक्त विमानांचा म्हणून सांगतो. तो जमिनीचा इतिहास म्हणून सांगितला, तर पुण्याच्या नव्या विमानतळासाठी ज्यांची जमीन जायची आहे त्या पुरंदरच्या सात गावांबद्दल आपण आज जे सहज बोलून जातो ते बोलताना जीभ जरा अडखळेल.

आधी विमानांचा भाग उरकतो. तो बहुतेकांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल शहराला अभिमानही आहे. १९३९ साली, दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं असताना, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने इथे तळ उभारला. युद्धकाळात स्पिटफायर, मॉस्किटो इथून उडाली. मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी, तळ रॉयल इंडियन एअर फोर्सच्या ताब्यात आला. पुढे व्हॅम्पायर, तूफानी, हंटर, कॅनबेरा, ऐंशीच्या दशकात मिग-२९, १९९७ मध्ये पहिली सुखोई-३० आणि २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय. जून २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम इथूनच सुखोईतून आकाशात गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये प्रतिभा पाटील गेल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी जी-सूट चढवून कॉकपिटच्या शिडीवर उभ्या असलेल्या प्रतिभाताईंचं छायाचित्र पुण्यातल्या कितीतरी घरांत कौतुकाने पाहिलं गेलं असेल.

या यादीतली एक तारीख मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. १८ डिसेंबर १९६१. त्या सकाळी पुण्याहून बारा कॅनबेरा विमानं विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली गोव्याकडे निघाली आणि त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड बॉम्ब टाकले. मागोमाग आठ कॅनबेरांची दुसरी फेरी झाली. आदेश स्पष्ट होता: धावपट्टी निकामी करा, पण टर्मिनलला आणि बाकीच्या सोयींना धक्का लावू नका. तो पाळला गेला. इतका, की तिथे उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानं शाबूत राहिली. रात्री विमानतळाच्या कामगारांनी धावपट्टीचा एक तुकडा कसाबसा दुरुस्त केला आणि काही अधिकाऱ्यांची कुटुंबं घेऊन ती दोन्ही विमानं कराचीकडे निसटली.

पुण्यात ही गोष्ट सांगितली जाते ती इथपर्यंतच. पुढचा भाग गोव्यात सांगतात. पोर्तुगीजांनी पन्नाशीच्या दशकात बांधलेला दाबोळीचा विमानतळ नागरी उपयोगाचाही होता. गोवा मुक्त झाल्यावर, १९६२ मध्ये, तो भारतीय नौदलाकडे गेला आणि नौदलाकडेच राहिला. प्रवाशांना वेळांच्या तुकड्यांत धावपट्टी मिळू लागली. सकाळी नौदलाचं प्रशिक्षण, दुपारनंतर पर्यटकांची झुंबड. साठ वर्षं गोव्याने हे सोसलं आणि शेवटी पेडण्यातल्या मोपाच्या पठारावर नवा विमानतळ बांधला. जानेवारी २०२३ मध्ये तिथून उड्डाणं सुरू झाली. दाबोळी नौदलाकडेच राहिली. जमीन गेली ती पेडण्यातल्या शेतकऱ्यांची.

पुण्याहून गेलेल्या बॉम्बरांनी ज्या धावपट्टीवर खड्डे पाडले, तिचं आणि पुण्याच्या धावपट्टीचं नशीब पुढे असं एकसारखं निघालं. दोन्हीकडे तळ जागच्या जागी. दोन्हीकडे नागरी विमानतळासाठी दुसऱ्याच गावांचा शोध.

हे अटळ होतं असं मात्र समजू नका. युद्धाच्या काळात मुंबईत सांताक्रूझलाही रॉयल एअर फोर्सचा तळ होता. जुहूपेक्षा मोठा, १९४२ ते १९४७ या काळात लष्करी स्क्वाड्रननी गजबजलेला. युद्ध संपल्यावर तो नागरी वापराला दिला गेला आणि आज मुंबईला येणारे लाखो लोक तिथे उतरतात, कुणाला आठवतही नाही की इथे कधी लष्करी तळ होता. एकाच युद्धाने बांधलेल्या दोन धावपट्ट्या. एक मुंबईला मिळाली, दुसरी हवाई दलाने ठेवली. पुण्याची ठेवण्यामागे कारणं होती आणि ती भक्कम होती. किनाऱ्यापासून आत, घाटमाथ्याच्या मागे, मुंबईपासून काही मिनिटांच्या उड्डाणावर. शिवाय पुणे आधीपासूनच फौजेचं गाव. दक्षिण कमांडचं मुख्यालय, खडकीचा दारूगोळा कारखाना, पुढे खडकवासल्याची एनडीए. कॅम्पाला जुने पुणेकर 'लष्कर' म्हणतात ते उगाच नाही. पण कारणं भक्कम असली तरी तो निर्णय होता, निसर्गनियम नव्हता. कुणीतरी कागदावर तो घेतला. आणि तेव्हाच्या पुण्याला त्याचं काही वाटलं नाही, कारण लोहगाव पुण्यात नव्हतंच.

आता जमिनीकडे येऊ.

लोहगाव म्हणजे तुकाराम महाराजांचं आजोळ. कनकाईंचं माहेर. देहूहून महाराज इथे येत, कीर्तनं करत. शिवबा कासाराची गोष्ट इथलीच. म्हणजे ब्रिटिशांनी नकाशावर बोट ठेवण्याच्या तीनशे वर्षं आधीपासून हे नांदतं, नाव असलेलं गाव होतं. तळांच्या इतिहासात अशा जागेसाठी एक ठरीव शब्द असतो: मोकळं माळरान. मला या शब्दाचा संशय येतो. महाराष्ट्रात मोकळं माळरान असं काही नसतं. माळावर कुणाची तरी गुरं चरत असतात, कडेने कुणाची तरी बाजरी असते, मधून वारीची किंवा बाजाराची पायवाट असते, एखादा म्हसोबा असतो. त्याच्यावर सात-बारा नसला तरी हक्क असतो. वरून पाहणाऱ्याला तो दिसत नाही, आणि धावपट्टीची जागा निवडणारा नेहमी वरूनच पाहतो.

त्या काळी जमीन घ्यायला सरकारला फार खटाटोप करावा लागत नसे. १८९४ चा भूसंपादन कायदा होता, त्यात तातडीचं कलम होतं. युद्ध सुरू झाल्यावर भारत संरक्षण कायदा आला, त्याखाली जमिनी आणि इमारती युद्धापुरत्या ताब्यात घेता येत. युद्ध संपल्यावर 'पुरत्या' या शब्दाचं काय करायचं, हा प्रश्न स्वतंत्र भारताच्या संसदेपुढेही आला आणि १९५२ साली अशा ताब्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. लष्करी गरज तात्पुरती म्हणून येते आणि घरातलीच होऊन बसते, हा देशभरचा अनुभव आहे.

पुणे जिल्ह्याला तर हा धडा गिरवायला लोहगावची गरजही नव्हती. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या मागे उभं राहून 'जान किंवा जमीन' म्हटलं ते धरणासाठी जाणाऱ्या भाताच्या खाचरांसाठी. पुण्यातल्या सुशिक्षितांपैकी काहींनी साथ दिली, पुष्कळांनी विजेचे फायदे समजावले. धरण झालं. विजेचे फायदेही झाले, ते खोटं नाही. मुळशीचा सत्याग्रह निदान पुस्तकांत राहिला. लोहगावच्या शेतकऱ्याच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. युद्धाच्या धामधुमीत कोण सत्याग्रह करणार?

म्हणून माझी पहिली मागणी अगदी साधी आहे. तळाचा १९३९ ते १९४७ या काळातला जमिनीचा कागद लोकांसमोर यावा. कुठले गट गेले, कुणाचे गेले, काय दिलं, कधी दिलं. फेरफार, निवाडे, नकाशे, जे असेल ते. यावर ठरलेलं उत्तर असतं: सुरक्षा. सुरक्षेचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. आत कुठलं विमान कुठे उभं आहे, दारूगोळा कुठे आहे, हे कुणी जाहीर करा म्हणत नाही. पण पंच्याऐंशी वर्षांपूर्वी कुठल्या शेतकऱ्याच्या बांधावरून कुंपण गेलं हे कळल्याने कुठल्या शत्रूचा फायदा होणार आहे? हातातल्या मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं की धावपट्टीच्या टोकाचे पांढरे पट्टेसुद्धा मोजता येतात. खिडकीतून फोटो काढणाऱ्या आजीबाईंना मात्र आपण दटावतो.

या मागणीमुळे हवाई दलाच्या विरोधातला सूर वाटेल, म्हणून लगेच दुसरी बाजू मांडतो, कारण माझा खरा राग तिकडे नाहीच.

तळ आला तेव्हा आजूबाजूला गावं होती. शहर नंतर आलं. आधी येरवड्यापर्यंत, मग विश्रांतवाडी, टिंगरेनगर, धानोरी, कळस, मग विमाननगर. हे नाव तर विमानतळाच्या जिवावरच ठेवलेलं. खुद्द लोहगाव २०१७ मध्ये महापालिकेत आलं. या सगळ्या काळात हवाई दलाची भिंत फारशी हलली नाही. शहर चालत चालत तिच्याजवळ गेलं आणि टेकून बसलं. आणि बसल्यावर म्हणू लागलं, आवाज फार होतो बुवा.

आवाज होतो. धानोरीत एका मित्राच्या गच्चीवर बसलो असताना सुखोईंची जोडी निघाली. आधी काही ऐकू येत नाही. मग टेबलावरच्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी थरथरतं. मग बोलणारा माणूस वाक्याच्या मधोमध थांबतो, तोंड उघडं ठेवून, आणि आवाज ओसरल्यावर वाक्य तिथूनच पुढे सुरू करतो. मित्राला याची इतकी सवय की तो थांबल्याचं त्याच्या ध्यानातही नव्हतं. त्याच्या मुलीच्या शाळेत बाई फळ्याकडे वळतात आणि तेवढ्या वेळात पुढचं उदाहरण लिहून टाकतात म्हणे. मित्राला विचारलं, फ्लॅट घेताना हे माहीत नव्हतं का? म्हणाला, "रविवारी बघायला आलो होतो. बिल्डर म्हणाला, एअरपोर्ट जवळ आहे." खोटं नाही बोलला बिल्डर.

आता कुणी म्हणेल, माणसाला परवडेल तिथे तो घर घेतो, त्याला का दोष देता? बरोबर, त्याला दोष नाहीच. कायदा कुठे होता? कायदाही होता. १९०३ चा संरक्षण बांधकाम कायदा आहे, ज्याखाली लष्करी जागांभोवती बांधकामाला बंदी घालता येते. लोहगावच्या बॉम्ब डंपभोवतीच्या ९०० मीटर पट्ट्याचा वाद तिथल्या प्रत्येक घरमालकाला तोंडपाठ आहे. विमानतळाभोवतीच्या इमारतींच्या उंचीला वेगळी मर्यादा आहे, त्यासाठी हवाई दलाचं ना हरकत पत्र लागतं. सगळं कागदावर शाबूत होतं. पण गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली गेली, गुंठेवारीची घरं उठली, वीज आली, नळ आले, मतदार यादीत नावं आली. मग निवडणुकीच्या तोंडावर कुणीतरी येऊन सांगितलं, हा पट्टा आपण कमी करून आणू. ज्यांनी बांधकाम अडवायचं त्यांनी डोळेझाक केली आणि ज्याने आयुष्याची पुंजी घातली तो पट्ट्याच्या आत अडकला. घर पाडताही येत नाही, नियमित होत नाही, विकायला गेलं तर कर्ज मिळत नाही.

तळालाही हे महागच पडतं. कचरा आला की घारी-कावळे येतात आणि जेट इंजिनासमोर आलेला पक्षी ही गमतीची गोष्ट नसते. २०२५ मध्ये तर विमानतळाच्या आवारात बिबट्या दिसला. आजूबाजूला इतकी माणसं झाल्यावर त्या बिचाऱ्याला तेवढंच एक गवत उरलं असेल. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची, २,५३५ मीटर. ती वाढवायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे, पण वाढवणार कुठे? धावपट्टीची डागडुजी करायची तर ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन आठवडे सगळा विमानतळ बंद ठेवावा लागला, कारण दुसरी धावपट्टीच नाही. वर्षाला एक कोटीच्या आसपास प्रवासी, शिवाय लढाऊ विमानांचा सराव, आणि पट्टी एक. हवाई दल आडमुठं आहे म्हणून पुण्याची उड्डाणं वाढत नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी एकदा हे गणित मांडून पाहावं. उलट परक्याच्या ओसरीत इतकी वर्षं एवढी माणसं उतरवून घेतली, हेच नवल.

मग नवा विमानतळ हवा का? हवा. इथे मी पुरंदरच्या आंदोलनाच्या काही मित्रांपासून वेगळा होतो. एका धावपट्टीवर लष्कर आणि एवढं मोठं शहर, हे कायमचं चालणारं नाही. पण 'हवा' म्हणताना तो का हवा, हे खरं सांगितलं पाहिजे. निम्मं कारण शहराची वाढ आहे. उरलेलं निम्मं कारण असं, की लोहगावभोवतीची मोकळी जागा आपण हाताने घालवली. ज्या जमिनीवर धावपट्टी वाढली असती, समांतर पट्टी झाली असती, तिथे आपण सोसायट्या उभ्या केल्या, त्यांच्या मंजुऱ्यांची फी घेतली, मालमत्ता कर घेतो आहोत. आता त्या चुकीची भरपाई सासवडच्या पलीकडचे शेतकरी करणार. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असं मराठीत म्हणतात ते यालाच.

जागेच्या शोधाचा क्रमही पाहा. आधी चाकण. मग खेड-राजगुरुनगर. तिथल्या शेतकऱ्यांनी हाकलून लावलं. चाकणला तोवर कारखाने आले होते, जमिनीला भाव आला होता, शेतकऱ्याच्या शब्दाला वजन आलं होतं. २०१६ मध्ये बोट पुरंदरवर येऊन थांबलं: पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. जिथून हाकललं तिथून निघायचं आणि जिथे आवाज कमी तिथे जायचं, या पद्धतीला 'तांत्रिकदृष्ट्या योग्य जागा' म्हणतात.

विरोध वाढल्यावर जागा थोडी सरकवून रिसे-पिसे गावांकडे नेण्याची टूम निघाली. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिला नकार दिला. पुरंदरच्या चर्चेत ही गोष्ट फारशी येत नाही, पण माझ्या मते सगळ्यात बोलकी तीच आहे. लोहगावच्या आकाशाची हद्द तिथल्या भिंतीपाशी संपत नाही. लढाऊ विमानांचे मार्ग, सरावाची क्षेत्रं, उतरण्याचे कोन हे सगळं कित्येक मैल पसरलेलं असतं. १९३९ मध्ये ठोकलेल्या खुंटीला बांधलेला दोर एवढा लांब, की पुरंदर तालुक्यातली कुठली वाडी राहणार आणि कुठली जाणार हेही तिच्यावरून ठरतं. तळाचा इतिहास हा काही संग्रहालयात ठेवायचा विषय नाही, तो आज कुणाच्या तरी विहिरीवरून चालला आहे.

मे २०२५ मध्ये ड्रोनने मोजणी करायला पथक आलं तेव्हा गावांत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. लाठ्या चालल्या, बायाबापड्यांना लागलं. भूसंपादन एमआयडीसीच्या कायद्याखाली होतं आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा जो अभ्यास सांगितला होता, तो या वाटेने गेल्यास करावा लागत नाही. पुढे चर्चा झाल्या, मोबदल्यासोबत दहा टक्के विकसित भूखंड द्यायची तयारी दाखवली गेली आणि मोठ्या संख्येने शेतकऱ्यांनी संमतीपत्रं दिली. शहरातल्या मंडळींनी सुटकेचा नि:श्वास टाकला: चला, मिटलं. मला तो नि:श्वास घाईचा वाटतो. लाठीमारानंतर दिलेली संमती आणि बैठकीआधी दिलेली संमती कागदावर एकसारखीच दिसते.

दहा टक्के भूखंड लोहगावच्या शेतकऱ्याला मिळाला नव्हता, तेव्हा ही सुधारणा आहेच, नाकारत नाही. पण तिचा हिशेब लोहगावच्याच इतिहासावर घासून पाहावा. पंच्याऐंशी वर्षांत त्या धावपट्टीभोवतीच्या जमिनीची किंमत कुणी खाल्ली? ज्यांची जमीन आत गेली त्यांनी नाही. भिंतीच्या बाहेर ज्यांनी वेळेवर गुंठे घेतले आणि ज्यांनी ते मंजूर करून दिले, त्यांनी. पुरंदरमध्येही हेच होणार, होऊ लागलंही असेल; प्रकल्पाच्या रेषेबाहेरचे व्यवहार कोण करतंय हे तलाठी कार्यालयाबाहेरच्या चहावाल्यालाही सांगता येईल. तेव्हा माझी दुसरी मागणी: ज्यांची जमीन आत जाते, त्यांचा वाटा विमानतळ चालेल तोवर चालू राहावा. उत्पन्नातला हिस्सा म्हणा, भाडं म्हणा, नाव काहीही द्या. एकरकमी पैसा पाच वर्षांत गाडीत, बंगल्यात, लग्नात जातो. यावर शहरातली माणसं हसतात, पण स्वतःचं पेन्शन एकरकमी घ्यायला ती तयार नसतात.

तिसरी मागणी शहराकडे आहे. नव्या विमानतळाभोवतीचा बांधकामबंदीचा पट्टा आज, धावपट्टीचा पहिला दगड पडायच्या आधी, नकाशावर आखा आणि त्यातल्या जमीनमालकांना त्या बंदीचेही पैसे द्या. फुकट बंदी कुणी पाळत नाही, हे धानोरीने शिकवलं. आणि लोहगावच्या नागरी टर्मिनलचं पुढे काय, तेही आत्ताच लेखी सांगा. ते चालू राहणार असेल तर किती उड्डाणांसाठी? बंद होणार असेल तर कालपरवा बांधलेल्या इमारतीचं काय? सात गावं उठवणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर माहीत असायला हवं. "तेव्हा बघू" हे उत्तर १९४७ मध्ये चाललं असेल.

नावांची तेवढी घाई झाली आहे. लोहगावच्या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केला. कारण दिलं ते आजोळाचं. म्हणजे विमानतळाच्या आधी इथे गाव होतं, हे सरकारदरबारी मान्य झालं, फलकापुरतं का होईना. पुरंदरच्या विमानतळासाठी छत्रपती संभाजीराजांचं नाव पुढे आहे, जन्म पुरंदर किल्ल्यावरचा म्हणून. त्या सात गावांतलं खानवडी हे महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाच्या गावची शेती विमानतळाखाली जाणार आहे, हा योगायोग कुठल्या कोनशिलेवर बसवणार?

गेल्या हंगामात त्या बाजूला गेलो होतो. पुरंदरचा अंजीर प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. एका बागेत म्हातारे गृहस्थ झाडाझाडाला हात लावत पुढे चालत होते. हे झाड वडिलांनी लावलं, हे मुलीच्या लग्नाच्या वर्षी, हे गारपिटीत मोडून पुन्हा फुटलं. विहिरीपाशी आल्यावर त्यांनी दगड दाखवला, त्यावर कुणीतरी छिन्नीने शक कोरला होता. मी विचारलं, पंचनाम्यात हे कसं लिहितात? ते आत गेले आणि कुणाकडून तरी मिळालेला जुन्या संपादनातला एक नमुना घेऊन आले. विहिरीला एक ओळ होती: 'पक्की, एक'. बागेला एक रकाना होता: 'फळझाडे, संख्या'.